आजीचा उजवा हात

दोस्तहो,

मी क्रुसाची खूण केली. स्वतःच्या अंगावर नाही, आजीच्या अंगावर. पण केली.

ही गोष्ट आपल्या बैठकीत कुणीतरी काढली. एकानं तोंडावर विचारलं, 'बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस तू, घरात बाबासाहेबांचा फोटो, अन् म्हातारीच्या कपाळावर क्रूस काढतोस? मग सत्यनारायणाला बसणाऱ्यात अन् तुझ्यात फरक काय?' मी तव्हा गप बसलो. मला बैठकीत बोलता येत नाही. जिनिंगवरनं तसाच आलो होतो, नाकात कापूस, कानात रोलरचा आवाज. आता पाळीला सुट्टी आहे म्हणून लिहितोय. प्रश्न खरा होता. उत्तरही खरं द्यायला पाहिजे.

आमचं गाव आष्टी तालुक्यात, बीड जिल्ह्याच्या पार टोकाला. पलीकडं नगर. कागदावर आता अहिल्यानगर झालंय, ऊसतोड्याच्या तोंडात अजून नगरच आहे. दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं ट्रॅक्टरमध्ये संसार भरून कारखान्यावर जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेपर्यंत माघारी यायचं नाही. माझा आजा असाच श्रीरामपूरकडं ऊस तोडायला गेला अन् तिकडंच लग्न ठरवून आला. पोरगी महाराचीच, पण ख्रिस्ती. तिच्या आज्याच्या काळात त्यांचा निम्मा वाडा बाप्तिस्मा घेऊन कॅथलिक झालेला. इकडं आमचा वाडा १९५६ नंतर बौद्ध झालेला. दोन्हीकडच्यांनी धर्म बदलला होता. पण सोयरीक जमवताना दोन्हीकडच्यांनी जात बघितली. हे आधीच लिहून ठेवतो. पुढं कामाला येईल.

आजीला दोन नावं होती. एक चर्चच्या वहीत, एक रेशनकार्डावर. पहिल्या नावानं तिला माहेराशिवाय कुणी हाक मारली नाही.

मी लहानपणी सहा हंगाम तिच्यासंगं कोपीत काढलेत. म्हणून माझी शाळा तुटली, म्हणूनच मी ही खूण इतक्या जवळून पाहिली. पहाटेच्या अंधारात फडात उतरताना ती कोयता डाव्या हातात घ्यायची. उजवा हात कपाळाला, मग छातीला, मग डाव्या खांद्याला, मग उजव्या खांद्याला. ओठ हलायचे. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. शेवटी आमेन. तीन सेकंदाचं काम. मग कोयता उजव्या हातात यायचा अन् दिवस सुरू व्हायचा. भाकरी मोडायच्या आधी तेच. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायच्या आधी तेच. अडलेल्या बाईच्या कोपीत शिरायच्या आधी तेच. फडात साप निघाला तर आधी खूण, मग शिवी, मग दगड.

सासरी आल्यावर मात्र तिची खूण बारकी झाली. पदराच्या आत, अंगठ्यानं छातीवर. आज्यानं तिला कधी अडवलं नाही अन् तिनं कधी घरात क्रूस टांगला नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. १४ एप्रिलला ती फोटोपुढं मेणबत्ती लावायची, हात जोडायची, पण क्रुसाची खूण करायची नाही. मी एकदा विचारलं. म्हणाली, 'बाबासाहेब आपला माणूस हाये लेकरा. माणसाला जय भीम. खूण देवाची.' तिच्या डोक्यात गोंधळ नव्हता. गोंधळ माझ्याच डोक्यात होता.

जिनिंगवर लागलो, चळवळीत आलो, उसनी पुस्तकं वाचायला लागलो, अन् सगळ्यात आधी तुटून पडलो ते आजीवर. बाहेर पाटलाला बोलायची हिंमत नव्हती, घरात म्हातारी सापडली. म्हणालो, 'आजे, गोऱ्या फादरनं शिकवलेली गुलामीची खूण आहे ही. सोड आता.' तिनं जात्यावरची धूळ पुसल्यासारखं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, 'गुलामाचीच हाये. मग?'

मला वाटलं म्हातारी हरली. ती हरली नव्हती, हे कळायला मला चार वर्षं लागली.

क्रूस म्हणजे रोमन राजवटीची फाशी. पण ती सगळ्यांसाठी नव्हती. रोमच्या नागरिकाला सहसा क्रुसावर चढवत नसत. क्रूस होता गुलामासाठी, बंडखोरासाठी, ज्याला कुणी विचारत नाही त्याच्यासाठी. इ. स. पूर्व ७१ साली स्पार्टाकसचं बंड मोडलं तेव्हा कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर सुमारे ६,००० गुलाम क्रुसावर टांगले. येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं अन् पुन्हा मान वर करू नये म्हणून. त्यानंतर शंभर वर्षांनी तशाच लाकडावर एका सुताराच्या पोराला टांगलं, तो येशू.

आता बघा. ज्या लाकडावर आपला माणूस मारला, त्याच लाकडाचा आकार त्याची माणसं स्वतःच्या अंगावर काढायला लागली. म्हणजे पेशवाईतलं गळ्यातलं मडकं अन् कमरेचा झाडू, त्याची खूण आपण उद्या कपाळावर मिरवावी, तसं हे. इ. स. २०० च्या सुमाराला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये तर्तुलियन नावाचा लेखक होता. त्यानं लिहून ठेवलंय की आतबाहेर करताना, जोडे घालताना, अंघोळीला, जेवायला, दिवा लावताना, निजताना आमची माणसं कपाळावर ही खूण करतात. त्या काळी ती कपाळावरच काढत. कपाळ, छाती अन् दोन खांदे अशी मोठी खूण नंतरच्या शतकांत रूढ झाली. आजीला तर्तुलियन माहीत असायचं कारण नाही. पण त्याची यादी अन् तिची यादी एकच. त्याचे जोडे, तिचा कोयता.

मग राजे आले. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन बादशहानं ख्रिस्ताची खूण फौजेच्या निशाणावर चढवली. टांगले जाणाऱ्याची खूण टांगणाऱ्याच्या हातात गेली. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो क्रूस पुढं करूनच, अन् १५६० ला तिथं इन्क्विझिशन बसवलं. रशियात १६५३ साली निकोन नावाच्या मुख्य धर्मगुरूनं हुकूम काढला, खूण दोन बोटांनी नाही, तीन बोटांनी करायची. जुन्या रीतीच्या लोकांनी ऐकलं नाही. त्यांचा पुढारी अव्वाकुम, त्याला १६८२ साली जिवंत जाळला. एका बोटापायी! तिकडचे ऑर्थोडॉक्स अजून उजव्या खांद्यावरून डावीकडं जातात, कॅथलिक डावीकडून उजवीकडं. अन् नगरला १८३१ पासून आलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे प्रॉटेस्टंट, ते बहुतेक ही खूण करतच नाहीत. एकाच महारवाड्यात, जेवायला बसल्यावर हात कुठं जातो त्यावरून कळतं, कोण कोणत्या मिशनचा.

आजीच्या माहेरी चर्चच्या दारात पाण्याची एक कुंडी होती. तिच्यात फादरनं आशीर्वाद दिलेलं पाणी. आत जाणारा प्रत्येकजण त्यात बोटं बुडवतो अन् त्याच ओल्या बोटांनी खूण करतो, बाप्तिस्म्याची आठवण म्हणून. मी लहानपणी तिच्यासंगं गेलो तव्हा मला ती गंमत वाटली. आता वाटतं, तिच्या आज्याला पहिल्यांदा तिथं हात घालताना काय झालं असेल? गावच्या विहिरीवर त्याची सावली चालत नव्हती. वरून कुणी ओतलं तर ओंजळीत पाणी. अन् इथं दारातच पाणी, सगळ्यांची बोटं एकाच पाण्यात. मग ते बोट कुठं न्यायचं? स्वतःच्या कपाळाला. मध्ये भटजी नाही, दक्षिणा नाही. ज्या हाताला जगानं विटाळ म्हटलं, त्याच हातानं ज्या अंगाला जगानं विटाळ म्हटलं त्या अंगाला शिवायचं अन् म्हणायचं, हे देवाचं आहे. दिवसातून दहादा म्हणायचं. ह्याला मी गुलामी म्हणत होतो.

पण दोस्तहो, कुंडी अन् तळं एक नाही. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. कुंडीतलं पाणी आपल्याला कुणीतरी दिलं होतं. तळ्याचं पाणी आपण घेतलं. दिलेलं पाणी तहान भागवतं, पण देणारा कोण, कधीपर्यंत देणार, हा हिशेब राहतोच.

अन् तो हिशेब चर्चनं चुकवलेला आहे. १६२३ साली पोप पंधरावा ग्रेगरी यानं तमिळ मुलखातल्या उच्चवर्णीय ख्रिस्त्यांना जानवं अन् शेंडी ठेवायची मुभा दिली. म्हणजे खूण करताना हात ज्या डाव्या खांद्याला लागतो, तिथं खाली जानवंही होतं. तमिळनाडूत दलित कॅथलिकांना वेगळ्या बाजूला बसवलं, वेगळं पुरलं. तिरुचिरापल्लीला तर दफनभूमीत मधोमध भिंत घातली, मेल्यावरही विटाळ नको म्हणून. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलितांविषयीचं धोरण छापलं अन् त्यात कबूल केलं की चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते. कबूल केलं, चांगलं केलं. पण बाबासाहेब हेच कधीचं विचारत होते. सरकारनं १९८९ साली काढलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लेख आहेत. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचले, दोन महिने लागले. त्यांचा सवाल सरळ आहे. देव बदलला, पण जात गेली का? नसेल गेली तर तुमच्या धर्मानं केलं काय?

माझ्या आजीची सोयरीक आठवा. जात गेली नव्हती.

जात गेली नव्हती, पण कागदावरनं ती काढून टाकली. राष्ट्रपतींचा १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश आहे. त्यातला तिसरा परिच्छेद आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. आधी फक्त हिंदूच अनुसूचित जातीचा. १९५६ ला शीख घातले. बौद्ध घालायला १९९० उजाडलं. ख्रिस्ती अन् मुसलमान अजून बाहेर. १९८५ साली मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणारा एक ख्रिस्ती चांभार सुप्रीम कोर्टात गेला. इतर चांभारांना सरकारनं फुकट टपरी दिली, मला का नाही? कोर्ट म्हणालं, ख्रिस्ती झाल्यावरही तुझे हाल तेवढेच आहेत ह्याचा पुरावा पुढं आलेला नाही. रस्त्यावर बसून चपला शिवतोय, हा पुरावा नव्हता!

आता माझ्या घरातलं सांगतो. आजीच्या भावाची नात, म्हणजे माझी बहीणच. बारावीला चांगले मार्क, नर्सिंगला जायचं. आज्याच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' लागलेलं, तोच धरून घरच्यांनी जातीचा अर्ज केला. चौकशीला माणूस येणार म्हटल्यावर तिच्या बापानं भिंतीवरची मरियामाउली काढून धान्याच्या कोठीत ठेवली. पोरांना बजावलं, घरात कुणी असलं तर हात वर न्यायचा नाही. माणूस आला, चहा झाला. त्यानं बॅगेतला बिस्किटचा पुडा काढून धाकट्या पोराच्या हातात दिला. पोरगं सहा वर्षांचं. त्यानं खायच्या आधी सवयीनं उजवा हात कपाळाला नेला.

फाईल तिथंच थांबली. पोरगी आता ब्लाऊज शिवते.

कपाळावरचं गंध दिसतं, पुसता येतं. ही खूण दिसत नाही, काढली की हवेत जाते. म्हणून तर तीन पिढ्या पदराआड चालली. पण सहा वर्षांच्या पोराच्या हातातनं ती पुसता आली नाही. २६ नोव्हेंबर २०२४ ला, ऐन संविधान दिनी, सुप्रीम कोर्टानं पुद्दुचेरीच्या एका बाईचा दावा फेटाळला. ती बाप्तिस्मा घेतलेली, नेमानं चर्चला जाणारी, तिला हिंदू म्हणून दाखला कसा द्यायचा? नुसत्या आरक्षणासाठी असं करणं म्हणजे संविधानाशी लबाडी, असं कोर्ट म्हणालं. मी ती बातमी जिनिंगच्या गेटवर वाचली. लबाडी कुणाची? त्या पोरीच्या गावात हॉटेलवाल्यानं कप वेगळा ठेवला तव्हा तिचा हात कुठं जातो हे बघितलं नव्हतं. मी अन् ती एकाच आजीच्या गोताचे, एकाच जातीचे. मी त्रिसरण म्हणतो, माझा दाखला शाबूत. ती कपाळाला हात लावते, तिचा गेला. हे माझ्या पोटात काट्यासारखं राहतं. अन् मला राग येतो की आपल्या एकाही मोर्च्यात ह्या तिसऱ्या परिच्छेदाचा फलक मी पाहिला नाही.

ऑगस्ट २०२३ ची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव. शेळी अन् कबुतरं चोरल्याच्या संशयावरून दलित पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. आपण बीडला निषेधाचं निवेदन दिलं. पण हरेगाव म्हणजे आजीचं हरेगाव. तिथं १९४९ पासून सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते, लाखानं लोक येतात, ख्रिस्ती येतात, बौद्ध येतात, हिंदू येतात. बेलापूर कंपनीचा कारखाना बंद पडला, यात्रा चालू राहिली. आजी मला खांद्यावर बसवून तिथं घेऊन गेली होती. मी मोबाइलवर तिला बातमी दाखवली. तिनं बराच वेळ बघितलं. मग पदरातनं हात बाहेर काढला, उघड्यावर, शेजारीण बसलेली असताना, मोठी खूण केली. म्हणाली, 'पेत्राला बी उलटंच टांगलं व्हतं.'

संत पेत्राला रोममध्ये उलट्या क्रुसावर मारलं, अशी त्यांच्याकडं परंपरा आहे. मी निवेदनात दहा कलमं घातली होती. आजीनं एका वाक्यात ती पोरं क्रुसावर बघितली. 'गुलामाचीच हाये' म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

पुढच्या हंगामानंतर तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं. वाचा गेली. दवाखान्यातनं घरी आणली. मी रात्रपाळी करून सकाळी तिच्याजवळ बसायचो. पेज पुढं धरली की तोंड मिटून घ्यायची. आई म्हणाली, भूक मेली. मी बघितलं, तिची नजर उजव्या हातावर. तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलला. कपाळापर्यंत गेला अन् पडला. पुन्हा उचलला. पुन्हा पडला. डाव्या हातानं ती करत नव्हती.

मी तो हात धरला. ऊस तोडून तोडून बोटं सरळ होत नव्हती, कोयत्याच्या मुठीएवढी पोकळी तशीच राहिलेली. कपाळाला नेला. छातीला नेला. डावा खांदा, मग उजवा. मला शिकवावं लागलं नाही, सहा हंगाम पाहिलं होतं. तीन नावं मी घेतली नाहीत. ती माझी नाहीत. तिचे ओठ अर्धे हलले, तेवढं पुरलं. मग तिनं पेज घेतली.

अकरा दिवस, दोन्ही टाइम.

वारली तव्हा आमच्याच मसणवाट्यात एका कडेला पुरली. वाड्यातल्या दोघातिघांनी कुरकुर केली, जाळायचं का नाही म्हणून. माझा बाप कधी बोलत नाही, तो म्हणाला, 'तिनं पन्नास वर्षं आपला फोटो पुसला.' मग सगळ्यांनी खड्डा खांदला. जिनिंगमधल्या मोडक्या खोक्याच्या दोन फळ्या आणून त्यावर उभीआडवी मीच ठोकली. हेही सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या बैठकीत तेही कुणीतरी काढेल.

आता उत्तर. सत्यनारायणाला बसणारा भीतीनं बसतो, अन् दुसऱ्याच्या हातानं पवित्र होतो. माझी आजी स्वतःच्या हातानं पवित्र होत होती. तो हात पडला तव्हा मी उचलला. मी ख्रिस्ती नाही, होणार नाही. बाबासाहेबांनी दिलेला धम्म मला पुरतो. पण जो धम्म मला मरणाऱ्या बाईचा हात उचलायला मना करील तो बाबासाहेबांचा नव्हे, एवढं मला डिक्शनरीशिवाय कळतं.

बिशपांना विचारायचं असेल तर चला, मी पुढं होतो. विचारू की दफनभूमीत भिंत घालायला तुमचा हात धजला कसा. दिल्लीला विचारायचं असेल तर त्या तिसऱ्या परिच्छेदाचं विचारू. ऑक्टोबर २०२२ ला माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला, तो ह्याच प्रश्नावर. आपण आपली निवेदनं तयार करू, माझ्या बहिणीची हकिगत त्यात घालू. पण फडात वाकलेल्या म्हातारीच्या हातावर हसायचं काम आपलं नव्हे. ते मी चार वर्षं केलं आहे, पुरे झालं.

कपाळ तिचं होतं, खूण तिची होती. हात मी दिला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन.

बैठकीत ह्यावर ठराव करायचा असला तर करा. माझी रात्रपाळी आहे, मी येणार नाही.

जय भीम.